बावीस नंबरची बस

मॅच कशी चाललीय हे मला कुणी सांगावं लागत नाही.
स्टेडियमच्या तीन नंबर गेटबाहेर मी बस लावते,
इंजिन बंद, दार उघडं, सरोवराकडून गार वारा,
आणि माणसं मोजते.
पाचव्या इनिंगला चार जण चढले तर आपण तीन धावांनी मागे.
सहाव्याला झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून बाप यायला लागले
तर सहा.
सातव्याला उभं राहायला जागा नसेल
तर रेडिओ लावूच नये.

यंदा मी रेडिओ फारसा लावलेला नाही.

आमच्या टोपीवर बगळा आहे, एका पायावर उभा.
चोवीस वर्षं ही बस चालवतेय,
त्यानं मासा धरलेला पाहिला नाही.
नऊ खेळाडू, नऊ इनिंग,
आणि नाकीही नऊच.
एप्रिलमध्ये नवा मॅनेजर आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
ह्याचे आठच निघाले. नवव्या दिवशी
तिन्ही बेसवर आमची पोरं, एकही आउट नाही,
आणि पुढचे तिघे बॅट खांद्यावर ठेवून
बसची वाट बघितल्यासारखे उभे राहिले.
अरे बाबांनो, बस मी आणते ना!
तुम्ही बॅट फिरवा.

मालक फ्लोरिडात राहतो.
त्यानं मोठा पडदा बसवलाय, सात मजली,
सुटलेला झेल आता सात मजली दिसतो.
बिअर दोन डॉलरनं महाग.
जुलैत, ज्याला चेंडू मारता येत होता असा एकुलता एक पोरगा
विकून टाकला. बदल्यात काय आलं?
भविष्य आलं म्हणे.
भविष्य एकोणीस वर्षांचं आहे
आणि त्याचं कोपर दुखतं.

पहिल्या सीटवर ऑर्व्हिल प्रूसाक बसतात,
टायरच्या कारखान्यातून निवृत्त,
मांडीवर स्कोअरची वही, कानामागे पेन्सिल.
ते सातव्याला कधी येत नाहीत.
मी म्हणते, पालथ्या घड्यावर किती पाणी ओताल?
ते म्हणतात, बर्नडीन, पैसे नऊ इनिंगचे दिलेत.

मंगळवारी
सातवी उलटून गेली असेल, कुणी आलं नाही.
आठवी. तरीही कुणी नाही.
बसचा रेडिओ नेमका बिघडलेला.
माझ्या छातीत काहीतरी हललं.
वेळ झाली तरी गाडी काढली नाही.
डेपोनं वायरलेसवर विचारलं, म्हटलं टायर बघतेय,
आणि खाली उतरून खरंच एक टायर बघितला,
उगाच खोटं कशाला बोला.
भिंतीपलीकडे सगळं शहर जागेवर उभं असणार,
कुणाचं पाऊल निघत नसणार,
बगळ्यानं आज धरला,
धरला बहुतेक.

मग दिवे विझायला लागले, एकेक खांब.
गेटमधून ऑर्व्हिल आले.
"अकरा-एक," म्हणाले.
"मग लोक कुठेत?"
"लोक आलेच नव्हते."

त्यानंतर मी जे बोलले ते रविवारी पाद्र्यापुढे कबूल करावं लागेल.
पिचर, पिचरचे आईबाप, मालक,
अख्खं फ्लोरिडा राज्य,
बगळ्याचा तो वर उचललेला पाय.
ऑर्व्हिल वहीत एक चौकोन काळा करत बसले होते.
माझं आटोपल्यावर म्हणाले,
"आठव्यात त्या नव्या सेकंड बेसमननं सूर मारला.
दहा धावांनी मागे असताना.
तोंडात माती गेली त्याच्या."
"मिळाला चेंडू?"
"नाही."

मी दार लावलं.
पूल, हॉस्पिटल, बाटल्यांची बंद फॅक्टरी.
रिकामी बस खड्ड्यात जास्त वाजते.
"उद्या कोण टाकतंय?" मी रस्त्याकडे बघतच विचारलं.
त्यांनी नाव सांगितलं.
"तो! त्याच्याहून माझी मावशी बरी टाकेल,
आणि तिचा खुबा बदललाय."

ते आपल्या कोपऱ्यावर उतरले, वही बगलेत, सावकाश.
दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती.
ते काही मी त्यांना सांगितलं नाही.